धुऱ्यावरचे भाबडे

गाझाच्या कुंपणाला लागून राहणारे आणि तरीही शांततेच्या गोष्टी करणारे इस्रायली, हा विषय निघाला की आमच्या संग्रामपुरातल्या चहाच्या टपरीवरही एक ठरलेलं वाक्य पडतं : 'काय मिळालं त्या भाबड्यांना? ज्यांच्यासाठी जीव टाकला, त्यांनीच जीव घेतला.' वाक्य टाळीचं आहे. त्यामागचा पुरावाही खोटा नाही, म्हणून आधी तोच मांडतो.

व्हिव्हियन सिल्व्हर जन्मानं कॅनडाच्या. १९७४ मध्ये इस्रायलला गेल्या, १९९० पासून गाझालगतच्या बेएरी किबुत्झमध्ये राहत होत्या. २०१४ च्या गाझा युद्धानंतर 'विमेन वेज पीस' ही संघटना उभी करणाऱ्यांत त्या होत्या. ४ ऑक्टोबर २०२३ ला या बायकांनी 'विमेन ऑफ द सन' या पॅलेस्टिनी बायकांच्या संघटनेला सोबत घेऊन जेरुसलेममध्ये आणि मृत समुद्राच्या काठी मेळावा भरवला. तीनच दिवसांनी हमासचे हल्लेखोर बेएरीत शिरले. सिल्व्हर ओलीस असतील, अशी आशा घरचे पाच आठवडे धरून होते. नोव्हेंबरात अवशेषांवरून ओळख पटली. वय ७४.

एवढ्यावरून टपरी निकाल देते. पण 'त्यांनीच' म्हणजे कोणी? बंदूक घेऊन आलेले आणि सिल्व्हर यांनी गाझातल्या ज्या आजाऱ्यांना आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं ते, दोघं एकच कसे? वीस लाखांवर माणसं एका सर्वनामात कोंबली की युक्तिवाद सोपा होतो, एवढंच.

आणि भाबडेपणा मोजायचाच तर एकाच मापानं मोजू. डिसेंबर २०२१ मध्ये इस्रायलनं गाझाभोवतीचं नवं कुंपण पूर्ण केलं : ६५ किलोमीटर लांब, सहा मीटरहून उंच, जमिनीखाली भिंत, वर कॅमेरे, रडार, सेन्सर. १,४०,००० टन लोखंड-पोलाद त्यात गेलं. ७ ऑक्टोबरच्या सकाळी ते डझनावारी ठिकाणी फुटलं, सुमारे १,२०० माणसं मारली गेली, अडीचशेच्या आसपास पळवून नेली. त्या कुंपणावर विसंबलेल्यांना कुणी भाबडं म्हटल्याचं माझ्या कानावर नाही. त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारोंनी माणसं मेली, तेव्हा बंदुकीवर विसंबलेल्यांसाठीही तो शब्द कुणाला सुचला नाही.

दुसरा आक्षेप : या शांततावाल्यांनी गाझातून येणारी रॉकेटं थांबवली का? नाही. तो ठेका त्यांनी घेतलाच नव्हता. गाझालगतच्या स्देरोतमध्ये भोंगा वाजला की आडोसा गाठायला पंधरा सेकंद मिळतात. तिथल्याच रहिवाशांनी २००८ मध्ये 'अदर व्हॉइस' हा गट काढला आणि गाझातल्या माणसांशी फोनवर बोलणं चालू ठेवलं. युवाल रोथ यांचा भाऊ १९९३ मध्ये हमासनं मारला. पुढे याच रोथ यांनी 'रोड टू रिकव्हरी' सुरू केलं. काम साधं : पहाटे तपासणी नाक्यावर गाडी लावायची, पॅलेस्टिनी आजाऱ्याला इस्रायली दवाखान्यात पोचवायचं.

गाडीची किंमत आमच्या तालुक्याला शिकवावी लागत नाही. इथला बराच भाग खारपाणपट्ट्यात, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि किडनीचे आजारी गावोगाव. डायलिसिस म्हणजे आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या. एक फेरी चुकली की पायावर सूज चढते, रात्री आडवं पडलं की दम लागतो. शेताच्या धुऱ्यावरून कोर्टात गेलेल्या दोन घरांपैकी एकाची मोटारसायकल अशा वेळी दुसऱ्याच्या दारात उभी राहते, तेव्हा दावा मिटलेला नसतो. तारखा पडतच असतात. म्हणून मोटारसायकल आणणारा मूर्ख ठरतो काय?

माझी या शांततावाल्यांवर तक्रार आहे, पण ती वेगळी. इस्रायलची शांततेची चळवळ बराच काळ युरोपातून आलेल्या, शिकल्यासवरल्या वर्गाची राहिली. दिमोना, बेरशेबा अशा दक्षिणेतल्या गावांत मोरोक्कोचे ज्यू आले, आपल्या कोकणातले बेने इस्रायल ज्यूही आले. कोकणात 'शनवार तेली' म्हणून ओळखले जाणारे हे लोक तिथं अजून मराठी बोलतात, 'मायबोली' नावाचं नियतकालिकही त्यांनी चालवलं. १९६० च्या दशकात, आपण पुरते ज्यू आहोत हे त्यांना तिथल्या धर्मपीठाविरुद्ध आंदोलन करून मान्य करून घ्यावं लागलं. ज्यांना स्वतःच्याच देशात दाराबाहेर उभं केलं गेलं, त्यांच्या ओट्यावर बसून कुंपणापलीकडची गोष्ट सांगायला ही मंडळी कमी पडली. टीका करायची तर इथं करा. भाबडेपणाचा आरोप मात्र मागे घ्या.

सिल्व्हर यांचा मुलगा योनातान झायगेन यानं आईच्या मृत्यूनंतर समाजसेवकाची नोकरी सोडून शांततेचं काम धरलं. 'रोड टू रिकव्हरी'चेही काही स्वयंसेवक त्या ७ ऑक्टोबरला मारले गेले. गाझाची वाट बंद झाली. थोड्याच दिवसांत उरलेल्यांच्या गाड्या वेस्ट बँकेच्या नाक्यांवर पुन्हा लागू लागल्या, पहाटेच.