काट्यावरची शिल्लक

कर्जतला बँकेत होतो तेव्हाची गोष्ट. खालापूरकडचे एक खातेदार हृदयविकाराच्या झटक्यानंतर वर्षभरात निम्मे झाले. ‘छान बारीक झालात!’ असे आम्ही कौतुक केले. भूक लागते का, दम लागतो का, हे कुणी विचारलेच नाही. पुढे ते गेले.

‘लॅन्सेट’मध्ये २००६ साली ४० अभ्यासांतल्या सुमारे अडीच लाख हृदयरुग्णांचा आढावा आला. मृत्यूचे प्रमाण कमी वजनाच्या रुग्णांत सर्वाधिक होते. किंचित स्थूल मंडळी तुलनेने तगली. म्हणून काही कर्जत स्टेशनवरचा वडा पथ्यात बसत नाही! आजारच अंग झिजवतो, आणि काट्याला चरबी व स्नायू यांतला फरक कळत नाही. पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचे उदाहरण २००४ साली प्रसिद्ध झाले. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१.

नुसती शिल्लक पाहून बँक कर्ज देत नाही, व्यवहारही पाहते. तेव्हा कंबर मोजा, डॉक्टरांना विचारून चाला. आणि प्रयत्नांवाचून वजन उतरू लागले, तर कौतुक नको. आधी डॉक्टर गाठा.