डबा उघडण्याचा हक्क कोणाचा?

शाळकरी मुलांच्या हाती संगणक द्यावा की नाही, हा वाद आता संपला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर सहावीपासून कोडिंग शिकवण्याची भाषा केली. परंतु या धोरणाच्या गजरात एक मूलभूत प्रश्न कोणी विचारत नाही. मुलाच्या हाती बंद डबा द्यायचा, की तो डबा उघडण्याचा, जोडण्याचा, बिघडला तर पुन्हा सुरू करण्याचा हक्कही द्यायचा? आमच्या मते बहुजन समाजाच्या मुलांच्या दृष्टीने कळीचा प्रश्न हाच आहे.

इंग्लंडमध्ये या प्रश्नाचा गांभीर्याने विचार झाला. १९८१ साली केंब्रिजच्या एकॉर्न या कंपनीने बीबीसीसाठी 'बीबीसी मायक्रो' नावाचा संगणक तयार केला आणि तो तिथल्या शाळाशाळांतून पोहोचला. हे यंत्र सुरू केले की पडद्यावर चित्रांची रांग येत नसे. ते आज्ञेची वाट पाहत थांबे. आज्ञा मुलाने लिहायची, तेव्हाच यंत्र काम करायचे. त्यावर प्रोग्रामिंग शिकलेली एक पिढी घडली. पुढे घराघरांत खेळांची यंत्रे आणि तयार संगणक आले. तेव्हा केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्राला अर्ज करणाऱ्यांची संख्या घटू लागली, आणि जे येत त्यांना स्वतः यंत्राशी झटापट करण्याचा अनुभव कमी असे. एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे हेरले आणि त्यातून २९ फेब्रुवारी २०१२ रोजी 'रास्पबेरी पाय' बाजारात आला.

एटीएम कार्डाएवढी उघडी पट्टी, किंमत ३५ डॉलर. वर डबा नाही, सोबत कीबोर्ड नाही, पडदा नाही. मोबाइलचा चार्जर, मेमरी कार्ड, जुना कीबोर्ड आणि घरातला टीव्ही मुलाने स्वतः गोळा करून जोडायचे. पहिल्या पट्टीला तर जुन्या टीव्हीची पिवळी पिनही चालत असे. मेमरी कार्डावर कार्यप्रणाली मुलानेच चढवायची. पट्टीच्या कडेला उभ्या असलेल्या पिनांना वायर लावून एक लहानसा दिवा जोडायचा आणि चार-पाच ओळींचा प्रोग्राम लिहायचा. दिवा लुकलुकला की मुलाला कळते, की या यंत्रात कोणतीही दैवी शक्ती नाही. विजेचा प्रवाह आहे आणि माणसाने लिहिलेली आज्ञा आहे. २०२४ पर्यंत अशा सहा कोटींहून अधिक पट्ट्या विकल्या गेल्या. त्यांतला मोठा वाटा कारखान्यांनी उचलला हे खरे, पण मूळ कल्पना मुलांसाठी होती.

आता आपल्या देशाकडे पाहू. १९८४-८५ साली केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला. त्यात तोच बीबीसी मायक्रो भारतात आला होता. पण तो निवडक शाळांत आला. आणि 'निवडक' हा शब्द आला की गावकुसाबाहेरचे पोर त्यात किती असेल, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. पुढे ५ ऑक्टोबर २०११ रोजी 'आकाश' टॅब्लेटचा गाजावाजा झाला. ३५ डॉलरचा म्हणून त्याची जाहिरात झाली, सरकारला तो २,२७६ रुपयांना पडला. पाच महिन्यांच्या आतच इंग्लंडात त्याच ३५ डॉलरला उघडी पट्टी मिळू लागली. आकडा एक, पण दृष्टी दोन. एकीने विद्यार्थ्याला ग्राहक मानले, दुसरीने कारागीर आणि कर्ता मानले.

महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटीने लाखो तरुणांना माउस धरायला शिकवले. नोकरीसाठी तिचे प्रमाणपत्र लागले म्हणून आपल्या मुलांनी पोटाला चिमटा काढून तिची फी भरली. त्या शिक्षणाचा उपयोग झाला हे आम्ही नाकारत नाही. पण त्यातून घडला तो ऑपरेटर. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रामात दुसऱ्याचा मजकूर भरणारा. यंत्राच्या आत काय चालते, हे त्याला कोणी सांगितले नाही.

केंद्राच्या नीती आयोगाने २०१६ साली 'अटल टिंकरिंग लॅब' सुरू केल्या. शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान, मुलांना सर्किट, सेन्सर आणि सुटे भाग. कल्पना चांगली आहे. पण सुरुवातीच्या निकषांत शाळेकडे दीड हजार चौरस फूट बांधीव जागा हवी अशी अट होती. ज्या वस्तीशाळेत दोन वर्गांना एकच खोली, तिने ही जागा आणायची कोठून? ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी द्यायचे, हा या देशाचा जुनाच न्याय आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांत पन्नास हजार लॅब उघडण्याची घोषणा झाली. त्या कोणत्या शाळांत उघडतात, यावर समाजाने डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवले पाहिजे. कारण २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील शंभरांपैकी जेमतेम चार-पाच घरांत संगणक आढळला होता. घरी नाही आणि शाळेतही नाही, तर मूल शिकणार कोठे?

या देशात मुलांनी संगणक उघडलेच नाहीत असे मात्र नाही. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये भंगारात आलेले संगणक हातोडीने फोडले जातात, वायरी जाळून तांबे काढले जाते, पट्ट्या आम्लात बुडवल्या जातात. या कामात मुलेही राबत असल्याचे वर्षानुवर्षे नोंदले गेले आहे. केंब्रिजचे मूल जी पट्टी शिकण्यासाठी हातात घेते, तीच पट्टी सीलमपूरचे मूल पोटासाठी हातात घेते आणि आपली फुप्फुसे जाळून घेते. हात दोघांचेही कुशल आहेत. एकाच्या हाताला ज्ञानाची जोड मिळाली, दुसऱ्याच्या हाताला ती नाकारली गेली.

हात आणि ज्ञान यांची ही फारकत हाच जातिव्यवस्थेचा गाभा आहे. ज्याने चामडे कमावले, लोखंड ठोकले, त्याला अक्षर बंद. ज्याच्याकडे अक्षर, त्याला श्रमाचा विटाळ. बाबासाहेबांनी हा पेच नेमका ओळखला होता. व्हॉइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना १९४२ साली त्यांनी सरकारला जे निवेदन दिले, त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी देशात व परदेशात शिष्यवृत्त्या द्या, अशी मागणी होती. केवळ बी.ए. आणि वकिलीने भागणार नाही, हे त्यांनी तेव्हाच ताडले होते.

येथे कोणी म्हणेल, पिढ्यान्‌पिढ्या हातानेच राबलो, आता पुन्हा पोरांच्या हाती पकड-स्क्रूड्रायव्हर कशाला? आक्षेप रास्त आहे. आपल्या मुलांना नुसते सुटे भाग जोडायला शिकवले आणि प्रोग्राम लिहिणे दुसऱ्यांच्या मुलांसाठी राखून ठेवले, तर 'हार्डवेअरवाला' ही नवी बलुतेदारी तयार होईल. म्हणून आमचा आग्रह असा, की जोडणे आणि लिहिणे ही दोन्ही कामे एकाच मुलाला शिकवावीत. दिवा जोडणारी मुलगी आणि तो लुकलुकवणारी आज्ञा लिहिणारी मुलगी एकच असली पाहिजे.

यासाठी अब्जावधींची गरज नाही. सरकारी कार्यालयांतून दरवर्षी जुने संगणक निर्लेखित होऊन भंगारात जातात. ते आधी सामाजिक न्याय विभागाच्या निवासी शाळा, आश्रमशाळा आणि वसतिगृहांना द्यावेत. मुलांनी ते उघडावेत, मेमरी काढून बसवावी, दोन बंद संगणकांतून एक चालू करावा, त्यावर फुकट मिळणारी लिनक्स कार्यप्रणाली चढवावी. पॉवर सप्लायचा डबा आणि जुना काचेचा मॉनिटर मात्र उघडू नये, त्यात जिवाला धोका असतो. एवढे भान देणारा शिक्षक हवा. समाजकल्याणाच्या निधीतून प्रत्येक निवासी शाळेला उघड्या पट्ट्यांचे दहा-वीस संच देणेही अवघड नाही.

आणि सरकार करील तेव्हा करील. आपल्या समाजात आज अभियंते आहेत, आयटी कंपन्यांत काम करणारे तरुण आहेत. विहारात रविवारी वंदनेनंतर दोन तास, एक टेबल, एक जुना संगणक आणि दहा मुले. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी केला तरी सुट्या भागांचा खर्च निघेल. शेजारच्या वस्तीतल्या कोणत्याही जातिधर्माच्या मुलाला तिथे बसू द्यावे.

ज्या समाजाला हजारो वर्षे पोथी उघडू दिली नाही, त्याच्या मुलांनी यंत्रापुढे हात जोडून बसू नये. येत्या शैक्षणिक वर्षाच्या आत आपल्या तालुक्यातील निवासी शाळेत जाऊन एकच प्रश्न विचारा: येथील मुलांना संगणक उघडू देता का? उत्तर नकारार्थी आले, तर कामाला तेथूनच सुरुवात करा.