शिक्षकाची चूक आणि तिची कबुली

चूक लपविणारास भित्रा म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु जेथे कबुली देणारासच तेवढी शिक्षा होते, तेथील व्यवस्थेने दुसऱ्याच्या भित्रेपणास बोल लावू नये. ५ मे २०२४ रोजी झालेल्या वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत काही केंद्रांवर विद्यार्थ्यांचा वेळ बुडाला. भरपाई म्हणून १,५६३ विद्यार्थ्यांस वाढीव गुण देण्यात आले. देशभर ओरड झाली, आणि ते गुण मागे घेत असल्याचे १३ जून रोजी सर्वोच्च न्यायालयास सांगावे लागले. २३ जूनच्या फेरपरीक्षेस त्यांपैकी ८१३ जणच बसले. वेळाची भरपाई वेळानेच व्हावी, गुणांनी नव्हे, एवढाच याचा बोध.

परीक्षेच्या दालनात पर्यवेक्षक म्हणून बहुधा शिक्षकच उभा असतो. चुकीचा संच वाटला गेल्याचे ध्यानात येताच त्याने काय करावे? केंद्रप्रमुखास तत्काळ बोलवावे, वेळ लिहून ठेवावी, मुलांस खरे काय ते सांगावे, आणि गेलेली मिनिटे तेथेच परत मिळवून द्यावीत. शहाणा दिवाणजी चुकल्या कीर्दीचे पान फाडीत नाही. उलट नोंद करून हिशेब जुळवितो.

परंतु असा अधिकार व असे अभय शिक्षकास नियमानेच दिले पाहिजे. अनवधानाने झालेली चूक निराळी, बुद्ध्या केलेली लबाडी निराळी. ‘नेहमी खरे बोला’ असे जो मुलांस शिकवितो, त्यास खरे बोलण्याची सोय आपण ठेविली आहे काय?