वारसा कोणाचा, पंगत कोणाची?

1782 साली वसविलेल्या बँकॉकच्या रत्तनकोसिन या जुन्या नगरात, चाओ फ्राया नदीच्या काठी, समोर वाट अरुणचे शिखर दिसावे अशा बेताने मांडलेली उंची उपाहारगृहे आता बरीच झाली आहेत. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा जुन्या इमारती डागडुजी करून त्यांत ती थाटलेली असतात. माणशी तीन-चार हजार बाटांचे बिल तेथे सहज होते. त्या शहरातील किमान वेतन 2025 च्या जुलैपासून दिवसाला 400 बाट आहे; म्हणजे एका माणसाचे एक जेवण मजुराच्या आठ-दहा दिवसांच्या घामाइतके!

उंची भोजन म्हटले की नाक मुरडावयाचे, ही आम्हा समाजवाद्यांची जुनी खोड. चवीने जेवणे हा गुन्हा नव्हे, आणि रांधणाऱ्याचे कसबही खोटे नव्हे. आक्षेप आहे तो शासनाच्या पंक्तिप्रपंचाला.

2017 साली थायलंडच्या पर्यटन प्राधिकरणाने मिशेलिन या फ्रेंच कंपनीच्या भोजनमार्गदर्शिकेसाठी पाच वर्षांकरिता 14 कोटी 40 लाख बाट देऊ केले. त्याच वर्षी, लष्करी राजवटीने नेमलेल्या गव्हर्नरच्या हाताखालील बँकॉक महानगर प्रशासनाने पदपथांवरील खाद्यविक्रेते हटविण्याचा मनोदय जाहीर केला. कारण नेहमीचेच: स्वच्छता आणि शिस्त. परदेशांत ओरड होताच यावरात व खाओ सान या पर्यटकांच्या दोन रस्त्यांना अभय मिळाले. पाहुण्यांची चव राखली गेली. परंतु भाड्याच्या, चूल नसलेल्या खोलीत राहणारा कामगार ज्या गाडीवर दोन वेळा जेवतो, त्या गाडीसाठी कोणी ओरडले नाही. आपल्याकडे 2014 च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांना किमान 40 टक्के जागा तरी दिल्या. आपल्या महापालिकांनी तो कायदा किती रडतखडत राबविला, हे वाचक जाणतातच. पण भांडावयास हाती एक कागद आहे. बँकॉकच्या विक्रेत्यांपाशी तेव्हा तोही नव्हता.

त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये पहिली मार्गदर्शिका निघाली आणि महाचाई रस्त्यावर कोळशाच्या शेगडीवर रांधणाऱ्या जे फाय या वृद्ध बाईंना तारांकन मिळाले. सन्मान योग्यच होता. त्यांच्या दुकानापासून चार पावलांवर महाकान किल्ल्याच्या तटालगत लाकडी घरांची एक जुनी वस्ती होती. सुमारे तीनशे माणसे. कोणी पक्ष्यांचे पिंजरे करी, कोणी मातीच्या मूर्ती. उद्यानासाठी ती जागा संपादन करण्याचा हुकूम 1992 चा. बाग आम्हीच राखतो, घरांचे संग्रहालय आम्हीच चालवितो, असा प्रस्ताव रहिवाशांनी स्वतः मांडला होता. पाव शतक ते झगडले. 2018 च्या एप्रिलमध्ये शेवटची घरे पाडली गेली, आणि ऐतिहासिक वारशाच्या नावाने तेथे हिरवळ लावण्यात आली.