जॉन बार्न्सचा न मोजलेला गोल

गुणवत्ता सिद्ध करा, मान आपोआप मिळेल, असा उपदेश वर्चस्ववादी मंडळी नेहमी करतात. जमैकात जन्मलेला इंग्लंडचा विंगर जॉन बार्न्स याच्या कारकिर्दीने या उपदेशाचे पितळ उघडे पाडले आहे.

१९८४ साली माराकाना मैदानावर ब्राझीलच्या बचावपटूंना चकवत त्याने अप्रतिम गोल केला. इंग्लंड २-० ने जिंकले. त्याच दौऱ्यात नॅशनल फ्रंटचे वर्णद्वेषी म्हणाले, काळ्याचा गोल धरायचा नाही, निकाल १-०! १९८८ साली एव्हर्टनच्या मैदानावर त्याच्यावर केळे फेकले गेले. त्याच वर्षी सहखेळाडूंच्या मतांनी तो वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. मग गुणवत्ता कुठे कमी पडली?

मैदानावरील वर्णद्वेषी घोषणा गुन्हा ठरवणारा कायदा १९९१ साली आला. पण त्यातही पळवाट होती. किमान दोघांनी मिळून घोषणा दिल्या तरच गुन्हा. एकटा ओरडला तर तो मोकळा! ही पळवाट बुजवायला १९९९ उजाडले. तोवर इंग्लंडकडून ७९ सामने खेळलेला बार्न्स निवृत्त झाला होता.

आम्ही वकिलीत हेच पाहतो. कायदा झाला म्हणून हुरळून जाऊ नये. अन्यायाची व्याख्या कोण लिहितो, ते आधी तपासावे. त्यासाठी अपमान सोसणाऱ्यांनीच कायद्याची कलमे वाचायला हवीत.