फ्यूज उडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो

आपल्या वस्त्यांमध्ये टॅक्सी आणि टुरिस्ट गाड्या चालवणारी मुले आता बरीच झाली आहेत. कुणाच्या वडिलांच्या फंडातून, कुणाच्या आईच्या बचत गटातून, कुणाच्या पतपेढीच्या कर्जातून गाडी दारात उभी राहते. त्या एका गाडीवर घर चालते, मुलांच्या फिया भरल्या जातात, म्हाताऱ्या माणसांची औषधे येतात. म्हणून या खेपेस आम्ही गाडीविषयी लिहीत आहोत. आम्ही कारकुनी पेशातले, बी.कॉम. होऊन आकडेमोडीत जन्म गेलेले. यंत्रातले आम्हाला फार कळते असा आमचा दावा नाही. परंतु एका रविवारी जे डोळ्यांनी पाहिले आणि विचारून समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवावे असे वाटले.

मे महिन्याचे दिवस होते. दुपारी भाचा दारात येऊन उभा राहिला.

"जयभीम, मामा."

"जयभीम. ये, बस. आज धंद्यावर नाहीस?"

"कसला धंदा, मामा! एसीचा फ्यूज उडतोय. आठवड्यात चौथा. पॅसेंजर गाडीत बसतो, एसी बंद झाला की भांडतो आणि उतरतो. पाच तारखेला हप्ता आहे."

गाडी जुनी, छोटी, सीएनजीवर चालणारी. गॅरेजवाल्याने न उघडताच सांगितले होते, "कॉम्प्रेसर जाम झालाय, अठरा हजार लागतील." त्याच्याही आधी स्टँडवरच्या एका मित्राने वेगळाच उपाय केला होता. उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून तो परत बसवला होता. एसी चालू झाला म्हणून पोरगा खूश. संध्याकाळी बायको आणि दोन लेकरांना घेऊन सासुरवाडीला निघाला, तर वाटेत प्लास्टिक जळाल्याचा वास येऊ लागला आणि डॅशबोर्डखालून धूर निघाला. त्याने गाडी बाजूला घेतली, लेकरांना उचलून खाली उतरवले आणि चांदीचा फ्यूज उपटून टाकला. हे सांगताना त्याचा आवाज कापत होता. मागच्या बाजूला सीएनजीची टाकी आणि पुढे धूर. ऐकताना आमच्याही अंगावर काटा आला.

त्याला रागवावे असे मनात आले, पण तोंड उघडवेना. चाळीत राहत असताना घरगुती फ्यूज उडाला की आम्हीही जाड तांब्याची तार लावून मोकळे झालो आहोत. फ्यूज हा बिघाड आहे अशीच आमची समजूत होती. खरे तर फ्यूज बिघाड नसून पहारेकरी आहे. आमच्या भाषेत सांगायचे तर तो प्रामाणिक कारकून आहे. मंजुरी दहा रुपयांची आणि व्हाउचर तीसचे आले, तर तो सही करत नाही. अशा कारकुनाला हटवून होयबा बसवला तर त्या दिवसाचे काम होते, पण पुढे सगळी कचेरी अडचणीत येते.

दहा अँपिअरचा फ्यूज म्हणजे त्या पुढची वायर तेवढ्याच हिशेबाची आहे. तिच्यातून तिप्पट वीज गेली तर उष्णता तिप्पट नव्हे, नऊपट होते. फ्यूजची पट्टी आधी वितळली तर वायर वाचते. चांदी लावली की वितळण्याची पाळी वायरीवर येते. जास्त अँपिअरचा फ्यूज टाकणे हाही तोच प्रकार. गाडीतल्या नेहमीच्या पात्यांच्या फ्यूजचा रंगच त्याची ताकद सांगतो: लाल 10, निळा 15, पिवळा 20, हिरवा 30 अँपिअरचा. लालच्या जागी हिरवा कधीही बसवू नये. कोणत्या जागी किती अँपिअरचा, हे फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात छापलेले असते.

आमच्या वस्तीत एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक दादा आहेत. आम्ही भाच्याला घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी गाडीला हात लावला नाही. त्यांनी फक्त विचारले, "फ्यूज नेमका केव्हा उडतो?"

भाचा म्हणाला, "दादा, सरळ रस्त्यावर तासभर चालतो. खड्ड्यात गाडी आदळली की जातो."

दादा हसले. म्हणाले, "मग अर्धे उत्तर तूच दिलेस. कॉम्प्रेसर जाम असता तर त्याने खड्ड्याची वाट कशाला पाहिली असती?"

मग त्यांनी समजावले. या गाडीत कॉम्प्रेसर विजेवर फिरत नाही, त्याला इंजिनचा पट्टा फिरवतो. वीज लागते ती फक्त त्याच्या क्लचच्या कॉइलला. वीज मिळाली की कॉइलचे चुंबक होते आणि क्लच चिकटतो. कॉम्प्रेसर जाम झाला तर पट्टा किंचाळेल, घासेल, जळेल. त्या उष्णतेने पुढे कॉइलही भाजू शकते. पण निव्वळ जाम होण्याने फ्यूज उडत नाही. गॅस कमी झाल्यानेही उडत नाही. गॅस फार कमी झाला तर प्रेशर स्विच क्लचच लागू देत नाही.

दादांनी कॉइलचा कपलर काढून मीटर लावले. 3.6 ओहम आले. बारा व्होल्टला 3.6 ने भागले, म्हणजे साधारण 3.3 अँपिअर. हा भागाकार आम्हालाही जमला! दहाच्या फ्यूजला तेवढे काहीच जड नाही. हेच मीटर एक ओहम दाखवते, तर बारा अँपिअर झाले असते आणि कॉइल दोषी ठरली असती. अठरा हजारांचा कॉम्प्रेसर पाच मिनिटांत निर्दोष सुटला.

आता वायर तपासायची. फ्यूज वाया घालवण्याऐवजी दादांनी फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडला. बल्बमुळे दोन अँपिअरपेक्षा जास्त वीज जाऊच शकत नाही, त्यामुळे वायर भाजत नाही. इंजिन बंद ठेवून त्यांनी एसीचा रिले काढला आणि त्याच्या जागी जोडतार दिली. कॉम्प्रेसरचा कपलर सुटलेलाच होता, म्हणजे वीज पुढे जायला वाटच नव्हती. बल्ब विझलेला असायला हवा. तो तसा होता. मग दादा वायरींचा जुडगा हाताने हलवत पुढे पुढे गेले. बॅटरीच्या खालच्या पत्र्याजवळ हात गेला आणि बल्ब भक्कन पेटला.

चोर सापडला. तिथली क्लिप कधीतरी तुटली होती. वायर पत्र्याच्या धारेवर घासून तिचे आवरण गेले होते आणि आतले तांबे उघडे पडले होते. गाडी आदळली की ते बॉडीला टेकत होते. दादांनी खराब तुकडा कापला, त्याच जाडीची वायर डाग देऊन जोडली, वर स्लीव्ह चढवली, जाळीची नळी घातली आणि क्लिपने बांधून टाकली. चांदीच्या करामतीने फ्यूजचा खाचा वितळला होता, तोही बदलावा लागला. सगळा खर्च सातशे रुपयांच्या आत आला. दादांनी मजुरी घेतली नाही. भाच्याच्या आग्रहाखातर चहा तेवढा घेतला.

प्रत्येक गाडीत हाच दोष असेल असे नाही. दादांनी सांगितलेल्या खुणा लिहून ठेवाव्यात. एसीचे बटण दाबताच फ्यूज उडत असेल तर कॉइल, तिच्याजवळचा डायोड किंवा टेकलेली वायर पाहावी. दहा-पंधरा मिनिटांनी उडत असेल तर गरम झाल्यावर शॉर्ट होणारी कॉइल किंवा घट्ट फिरणारी पंख्याची मोटर पाहावी. पंख्याला हात लावण्यापूर्वी बॅटरीची वायर काढावी, कारण रेडिएटरजवळचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. आतल्या ब्लोअरचा फ्यूज जात असेल तर त्यात पाला-कचरा किंवा उंदराने आणलेल्या चिंध्या अडकल्या नाहीत ना, हे बघावे. गल्लीत उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या वायरी उंदीर हमखास कुरतडतात. आणि म्युझिक, जादा दिवे, चार्जर यांच्या वायरी कुणी एसीच्याच फ्यूजवर जोडल्या असतील तर त्या आधी सोडवाव्यात.

एवढे करूनही ज्याचे काम त्यानेच करावे. मात्र मिस्त्रीला चार प्रश्न विचारायला लाजू नये. फ्यूज केव्हा उडतो हे पाहिले का? कॉइल मीटरवर मोजली का? वायर तपासली का? जुना भाग परत देणार का? बिलही लेखी घ्यावे. चांगल्या मिस्त्रीला अशा प्रश्नांचा राग येत नाही.

घर चालवणाऱ्या भगिनींनाही एक विनंती. गाडीच्या कप्प्यात योग्य अँपिअरचे दोन-चार फ्यूज आणि चालू स्थितीतले आग विझवण्याचे सिलिंडर आहे की नाही, हे अधूनमधून विचारत जा. एकच फ्यूज दुसऱ्यांदा उडाला तर तिसरा टाकू नये, एसी बंद ठेवून गाडी दाखवावी. जळका वास आला तर एसी बंद, गाडी बंद, आधी माणसे बाहेर आणि दूर. धूर किंवा आग दिसली तर 101 किंवा 112 ला फोन करावा. सामान मागाहून बघता येते.

भाच्याने पाच तारखेचा हप्ता वेळेवर भरला. त्याने चांदी गुंडाळलेला तो काळा पडलेला फ्यूज दोऱ्यात बांधून आरशाला लटकवला आहे. पॅसेंजर विचारतात, "हे काय?" तो म्हणतो, "माझी चूक आहे, साहेब. विसरू नये म्हणून समोर ठेवली आहे."