लाघवाची परीक्षा

गेल्या महिन्यांत आमच्या ओटीवर एक परीक्षा झाली. परीक्षक माझी नात, वय १६, शाळेच्या खो-खो संघांतील गडी. परीक्षार्थी माझे थोरले बंधू नाना, वय ७८. मीं जन्मभर परीक्षा घेतल्या, परंतु इतकी लहान आणि इतकी मार्मिक परीक्षा क्वचितच पाहिली. म्हणून तिची हकीकत वाचकांस सादर करतों.

ज्या गुणाची ही परीक्षा, त्यास इंग्रजींत अ‍ॅजिलिटी म्हणतात. आपल्याकडे ‘चापल्य’ हा शब्द रूढ आहे. पण संस्कृतांत त्यास थोडा अविचाराचा वास येतो. मला ‘लाघव’ अधिक रुचतो. वाग्भटानें अष्टांगहृदयांत व्यायामाचीं फळें सांगतांना पहिलें नांव लाघवाचेंच घेतलें आहे. मात्र तेथें अर्थ देहाच्या हलकेपणाचा आहे, हेंही सांगितलें पाहिजे.

नातीची स्वतःची परीक्षा ‘फाइव्ह-ओ-फाइव्ह’ नांवाची. १९८५ सालीं ड्रेपर व लँकेस्टर यांनीं ती मांडली. खेळाडूनें १० मीटर धांवत यावें, तेथून ५ मीटरांवरील रेषेवर पाय टेकून उलट फिरावें आणि परत ५ मीटर यावें. वेळ मोजावयाचा तो या शेवटच्या १० मीटरांचाच. यांत एक गफलत संभवते. समजा, दोन मुलींस या परीक्षेंत सारखेच २.६ सेकंद लागले. पण सरळ १० मीटर धांवण्यास एकीस २.० आणि दुसरीस १.८ सेकंद लागतात. म्हणजे वळण्याच्या पायीं पहिलीचे ०.६ आणि दुसरीचे ०.८ सेकंद खर्ची पडले. दुसरी धांवते वेगानें, पण वळते मंद, आणि तिचें हें वैगुण्य वेगाखालीं झांकून जातें. ही वजाबाकी अलीकडचे अभ्यासक आवर्जून करतात, हें ऐकून माझ्यांतला गणिताचा शिक्षक प्रसन्न झाला.

तरी ही परीक्षा अपुरीच. जमिनीवरची रेषा हुलकावणी देत नाहीं! खो-खोंत पाठलाग करणाऱ्यास एकदां दिशा धरल्यावर मागें फिरतां येत नाहीं. पळणाऱ्यास मात्र पूर्ण मोकळीक. म्हणून तो कोणीकडे झुकतो हें पाहून क्षणांत निर्णय घ्यावा लागतो. शेपर्ड व यंग यांनीं २००६ सालीं नेमका हाच भेद केला : ठरलेल्या जागीं वळणें निराळें, आणि बाहेरून कांहीं सूचना मिळतांच सर्व शरीराचा वेग किंवा दिशा पालटणें निराळें. दुसरें तेंच खरें लाघव, कारण त्यांत पायांबरोबर डोळे आणि बुद्धिही राबतात.

आतां म्हाताऱ्या माणसास याचें काय, असें नानांनींच विचारलें. वस्तुतः वळण्याशीं वृद्धांचाच संबंध अधिक. सरळ चालतांना शरीराचा भार पुढें सरकत राहतो. वळतांना तो रोखून क्षणभर एका पायावर तोलावा लागतो आणि पाउलें एकमेकांच्या वाटेंत येतात. त्यांतून माणूस कुशीवर पडला तर मांडीचें हाड खुब्यापाशीं मोडण्याचें भय फार.

नानांची परीक्षा अशी : हातांच्या खुर्चींतून उठावें, ३ मीटर चालावें, वळावें, परत येऊन बसावें. मूळ परीक्षा १९८६ ची. तींत १९९१ सालीं पॉडसिॲड्लो व रिचर्ड्सन यांनीं घड्याळ आणलें. पायांत नेहमींचीं पादत्राणें, काठी असल्यास काठीसुद्धां चालते. जवळ कोणीतरी उभें मात्र असावें. १२ सेकंद वा अधिक लागल्यास पडण्याचा धोका समजावा, असें अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्था सांगते. नानांस ११ लागले. घरांत आनंद झाला. नाना तर एकट्यानें बाजारांत जाण्याची पिशवीच शोधूं लागले.

इतक्यांत स्वयंपाकघरांतून वहिनींनीं विचारलें, “अहो, साखर किती घालूं?” नाना पिशवीसह जागच्या जागीं थांबले, उत्तर दिलें, आणि मग पुन्हां चालूं लागले. नातीनें माझ्याकडे पाहिलें. तिनें नंतर सांगितलें कीं, १९९७ सालीं स्वीडनमध्यें लुंडीन-ओल्सन व त्यांचे सहकारी यांनीं ५८ वृद्धांशीं चालतांना बोलून पाहिलें. १२ जण बोलण्यासाठीं थांबले. पुढील सहा महिन्यांत त्यांपैकीं १० जण पडले. चालण्यासच सर्व अवधान लागत असेल, तर बोलण्यास तें उरणार कोठून? एवढ्यावरून निदान होत नाहीं, हें खरें. म्हणून नानांस आम्हीं डॉक्टरांकडेही नेलें.

आतां रोज सकाळीं ओटीवर चार काठ्या अधिक-चिन्हासारख्या आडव्या मांडतात. २००२ सालीं डाइट व टेंपल यांनीं सुचविलेली ही चार चौकटींची परीक्षा आहे : पुढें, बाजूस, मागें, पुन्हां बाजूस, आणि मग उलट फेरा. १५ सेकंदांहून अधिक वेळ लागल्यास वारंवार पडण्याचा धोका मानतात. आमच्या नातीनें तींत खो-खो मिसळला आहे. कोणत्या चौकटींत जावयाचें तें ती ऐन वेळीं ओरडते, आणि मी नानांच्या कोपरापाशीं उभा राहतों. बाजारांत सध्यां मीही बरोबर जातों. तें नानांस रुचत नाहीं. साखरेचा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता, अशी त्यांची तक्रार अजून कायम आहे.